तीन नंबर गप्प आहे

"गप्प बसलेल्या डिस्कला मेलेली समजायचं नाही. आधी बघायचं, तिला गप्प कोणी बसवलंय."

हे मला मॅडमनी सांगितलं होतं, त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. मॅडम म्हणजे मला हे काम शिकवणाऱ्या. तेव्हा माझं पोट एवढं पुढे आलेलं की खुर्ची टेबलापासून हातभर लांब ठेवून टाइप करावं लागायचं. माझं सगळं लक्ष आत कोण कोणाला लाथा मारतंय याकडे. मी म्हटलं, "मॅडम, डिस्क आहे ती, सासुरवाशीण नाही." मॅडम हसल्या, मीही हसले, आणि त्यांचं सांगणं त्या हसण्यात वाहून गेलं.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये काम करते. वरच्या मजल्यावर पेशंट, मशिनं आणि पांढरे कोट. खाली तळघरात मी, एक थंडगार खोली आणि लोखंडी कपाटात दिवसरात्र गुणगुणणारे कॉम्प्युटर. वर काढलेलं प्रत्येक चित्र काही महिने मुख्य मशीनवर राहतं, मग बॅकअपमध्ये खाली येतं. बॅकअपची जागा भागांत वाटलेली असते, त्या एकेका भागाला व्हॉल्यूम म्हणतात. आमच्याकडे एक व्हॉल्यूम म्हणजे एक मोठी डिस्क, म्हणून आम्ही सरळ नंबरनेच बोलतो. दोन नंबर भरत आला, चार नंबर कुरकुरतोय, असं.

तीन नंबरमध्ये दीडेक वर्षापूर्वीची चित्रं आहेत. त्यात माझ्या मनीची आहेत.

मला जुळ्या मुली. चेहरा एकच, एका साच्यातून काढल्यासारखा. एक रडायला लागली की खालच्या मजल्यावरची माणसं खिडकीतून वर बघतात, म्हणून ती भोंगा. दुसरी दूध संपलं तरी रिकाम्या बाटलीकडे नुसती बघत बसते, ती मनी. खरी नावं आहेत, पण ती फक्त लसीकरणाच्या दिवशी आठवतात. मनीच्या कानामागे तीळ आहे. मला तो बघावा लागत नाही, पण बाकीच्यांसाठी मनीला पिवळी क्लिप आणि भोंग्याला हिरवी, अशी सोय केलेली.

मनीच्या डाव्या मूत्रपिंडाला जन्मापासून थोडी सूज आहे. जन्मल्यावर लगेच आमच्याच सेंटरमध्ये सोनोग्राफी झाली होती. संसर्ग होऊ नये म्हणून तेव्हापासून तिला रोज सकाळी एक गोड, गुलाबी औषध द्यायचं असतं. मी पहाटेच कामाला निघते, त्यामुळे ते सासूबाई देतात. परवा नव्याने सोनोग्राफी झाली आणि आम्ही ती लहान मुलांच्या सर्जनबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला आणि बाजूला ठेवला.

"यात 'किंचित सूज' लिहिलंय. किंचित हा शब्द लिहिणाऱ्यागणिक बदलतो. मला जुनी चित्रं दाखवा, मी स्वतः मोजते."

"आणि नाही मिळाली तर?" नवऱ्याने विचारलं. याला नेमके तेच प्रश्न सुचतात.

"मिळाली आणि फार फरक नसला, तर आपण थांबू. नाही मिळाली, तर एवढ्याशा मुलीच्या बाबतीत मी अंदाजावर थांबणार नाही. ऑपरेशनची तारीख धरू."

मी मान ताठ करून म्हटलं, "चित्रं माझ्याच ताब्यात असतात, डॉक्टर."

काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी विजेच्या कामासाठी आमची अख्खी इमारत बंद होती. मी घरी बसून नखं खाल्ली. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारची वेळ ठरलेली, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीन चालू केलं. एक नंबर आला, दोन नंबर आला. तीन नंबरपुढे लाल अक्षरं: ऑफलाइन.

मी अक्षरांवर उजवं बटण दाबलं, 'ऑनलाइन करा' निवडलं. चक्र फिरलं. 'काम पूर्ण झाले.' मी श्वास सोडला. तेवढ्यात पुन्हा लाल.

पुन्हा दाबलं. पुन्हा चक्र, पुन्हा 'पूर्ण झाले', पुन्हा लाल. एखादं मूल "झोपतो, झोपतो" म्हणत डोळे मिटतं आणि आपण दारापर्यंत पोचलो की टक्क उघडतं, अगदी तसं.

कपाटाजवळ गेले. तीन नंबरच्या डिस्कचा दिवा हिरवा, शांत. पडद्यावर मात्र लाल. वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. बॅकअपचा प्रोग्राम बंद करून चालू केला. पासवर्ड बदललाय का बघितलं, परवानग्या बघितल्या. सगळं जिथल्या तिथे. आणि तीन नंबर ऑफलाइन. आमच्या घरी वॉशिंग मशीन बिघडलं की मी त्याला एक चापट मारते. इथे हात वर गेला होता, कसाबसा आवरला.

साहेबांना फोन केला. हे आमच्या विभागाचे प्रमुख, पण तळघरात त्यांना थंडी वाजते.

"रीस्टार्ट केलंस का?"

"केलं, सर."

"पुन्हा कर ना. कधीकधी दुसऱ्यांदा ऐकतं."

"दुसऱ्यांदाही केलं."

"मग हेल्पलाइनला लाव. पैसे कशाचे घेतात ते?"

हेल्पलाइनने आधी बासरी ऐकवली. मग माझा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे सांगितलं, मग पुन्हा बासरी. अखेर एक मुलगा लाइनवर आला. त्याने माझा पडदा स्वतःच्या ताब्यात घेतला आणि बाण इकडेतिकडे फिरवायला लागला. आपल्या स्वयंपाकघरात परक्या माणसाने डबे उघडून बघावेत, तसं वाटत होतं.

"मॅडम, डिस्क उघडतेय. पण आत जे असायला हवं ते अर्धंच दिसतंय. म्हणून सिस्टिम तिला बाहेर काढतेय. डिस्क गेलीय तुमची."

"दिवा हिरवा आहे."

"दिव्याचं काय, मॅडम. इनिशियलाइज करून टाका."

"म्हणजे पुसून टाकू?"

"पुसा असं नाही म्हणत आम्ही. नव्याने सुरुवात."

"आतलं राहील?"

"आतलं... नाही राहणार."

"आमच्या घरी त्याला पुसणंच म्हणतात."

मग तो थोडं घरगुती स्वरात म्हणाला, "मॅडम, दुसरी प्रत असेल ना कुठे? तुम्ही तर बॅकअपवाले."

हेच तर. लोकांची जुनी चित्रं हरवू नयेत म्हणून बॅकअप असतो, आणि बॅकअपचा बॅकअप घ्यायची वेळ आली की साहेबांना बजेट आठवतं. मी फोन ठेवला. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

आता माझी शेवटची आशा म्हणजे सावधान. हा माझा सहकारी. कोणीतरी कौतुकाने ठेवलेलं हे नाव त्याला इतकं चिकटलंय की त्याच्या पगाराच्या पाकिटावरही एकदा तेच आलं होतं. लिफ्टचं दार उघडलं की आधी आत लिफ्ट आहे का ते बघतो. फाइल सेव्ह केली की दुसऱ्या जागी सेव्ह करतो, मग पहिली नीट आहे का ते उघडून बघतो. विजेचं काम सुरू व्हायच्या आधीच्या संध्याकाळी शेवटपर्यंत तोच इथे होता. आणि आज, बरोबर आजच, मेव्हण्याच्या लग्नासाठी विमानात. फोन बंद.

साहेब स्वेटर घालून खाली आले. "झालं?"

"हेल्पलाइन म्हणते पुसून टाका."

"मग टाक की. नवीन चित्रं उतरवायला जागा नाहीये, वरून दोनदा फोन आलाय. एवढी जुनी चित्रं मागतंय कोण?"

"मी मागतेय, सर."

"अगं, तू सोडून."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना मनीसाठी मी घेतलेली रजा आठवली असावी. ते स्वेटरच्या बाह्या ओढत राहिले. वाईट माणूस नाहीत ते. त्यांना फक्त जागा हवी होती.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्यानंतर मला जागा लागेलच. पर्याय नाहीये."

ते गेले आणि मी खुर्चीत बसून राहिले. 'इनिशियलाइज' हे बटण पडद्यावर उघडंच होतं, त्या मुलाने जाताना तसंच ठेवलेलं. मी माउस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. भोंग्याच्या हाताला लागू नये म्हणून गरम चहा सरकवते तसा.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. त्या कामाच्या वेळी फोन करत नाहीत.

"काय झालं, आई?"

"अगं काही नाही, घाबरू नकोस. गंमत सांगायला केला." त्या आधीच हसत होत्या. "मी रोज काय करते, ती बाटली हातात घेते आणि हाक मारते, 'मनी, औषध!' की एक जण धावत येते आणि चिमणीच्या पिल्लासारखी तोंड उघडून उभी. आज नेमका चष्मा होता डोळ्यावर. चमचा तोंडाशी नेला आणि क्लिप बघते तर हिरवी! भोंगा! गोड लागतं ना मेलीला. आणि आपली मनी कुठे, तर पलंगाखाली चप्पल घेऊन बसलेली. हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, वा गं वा, जी आधी येईल ती मनी!"

"मग मनीला दिलंत ना?"

"दिलं गं बाई, पलंगाखालून ओढून काढली आणि दिलं. तू काळजी नको करूस. तुझं ते चित्रांचं झालं का?"

माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. जी आधी येईल ती मनी.

हेल्पलाइनचा मुलगा काय म्हणाला होता? डिस्क उघडतेय, पण आत अर्धंच आहे. मेलेली डिस्क अर्धी उघडत नाही. मेलेली उघडतच नाही. मग तीन नंबरच्या नावाने उघडतेय ती कोण? समोर तर दुसरी नव्हती.

"आई, ठेवते!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही ग्रेट आहात!"

"मी? मी काय केलं?"

आमचं लोखंडी कपाट भिंतीला लागून आहे. मागे जायला एक वीत जागा, त्यात धूळ आणि वायरींचा गुंता. बाळंतपणानंतर मी कुठल्याच फटीत शिरायचं सोडून दिलं होतं. श्वास ओढून शिरले. ओढणी अडकली, ती तिथेच सोडली. मोबाइलचा दिवा लावला.

सगळ्यात खाली, जमिनीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यावर नीट ठेवलेली एक डिस्क. वायर वर गेलेली, आमच्याच मशीनला. डिस्कवर सावधानच्या गोल गोल अक्षरात चिकटवलेलं: 'तीन नंबर. जास्तीची प्रत. असू द्यावी.'

आता सगळं लख्ख दिसलं. त्या संध्याकाळी त्याला तीन नंबरची काळजी वाटली असणार. त्याने तिची हुबेहूब प्रत काढायला घेतली. नुसत्या फायलींची नव्हे. डिस्कला मशीनसाठी स्वतःची एक ओळख असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, ती ओळखही उतरवून घेणारी प्रत. मग वीज गेली आणि प्रत अर्ध्यावर राहिली. आज सकाळी मी मशीन चालू केलं तेव्हा एकाच ओळखीच्या दोघी हजर. मशीनला असं चालत नाही. जिने आधी 'आले' म्हटलं, ती तीन नंबर ठरली. दुसरीला त्याने झोपवून टाकलं. खरी तीन नंबर हिरवा दिवा लावून गप्प बसून होती, आणि मी सकाळभर तिच्या अर्ध्याकच्च्या बहिणीशी भांडत होते. वर ते बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचारही नको. प्रत पुसून सुटले असते की खरीच, कोण जाणे. पडद्यावर दोघींचं नाव एकच होतं.

मॅडम आठवल्या. मोठ्याने आठवल्या.

मशीन नीट बंद केलं, त्या प्रतीची वायर उपटली, ती डिस्क पर्समध्ये टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. एक नंबर. दोन नंबर. मी पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या अग्निशमनाच्या पाटीकडे बघत राहिले. मग बघितलं. तीन नंबर, हिरवा.

जन्माच्या आठवड्यातली चित्रं उघडली. 'बाळ एक.' 'बाळ दोन', म्हणजे मनी. राखाडी धुक्यात घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड, त्यावर बारीक पांढरे आकडे. मी ते पडद्यावरच बोटाने पुसल्यासारखं केलं. एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. दुसरी घ्यायला हात शिवशिवत होता, घेतली नाही.

साहेबांना सांगून निघत होते तर सावधानचा फोन. मागे विमानतळावरच्या घोषणा.

"ताई, एक सांगायचं राहिलं. कपाटामागे एक डिस्क आहे, तिला कोणाला हात लावू देऊ नका. सेफ्टीसाठी आहे."

"तुझी सेफ्टी माझ्या पर्समध्ये आहे. आणि परत आलास की तुलाही कपाटामागे ठेवणार आहे."

"म्हणजे? ताई? काही झालं का? ताई, पर्स चेनवाली आहे ना?"

दवाखान्यात सगळे आधीच पोचले होते. नवरा भोंग्याला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता, तिचा आवाज लिफ्टमध्येच ऐकू आला. सासूबाई मनीला मांडीवर घेऊन आत बसल्या होत्या. मी पेनड्राइव्ह पुढे केला. खरं सांगायचं तर मी तेव्हा खूशच होते. जिंकून आल्यासारखी.

सर्जनबाईंनी जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी लावली. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सूज ऑपरेशनइतकी नाहीये," त्या म्हणाल्या. मी डोळे मिटले. "पण वाढलीय. औषध चालू असताना एवढी वाढायला नको होती. मध्ये बारीक ताप वगैरे येऊन गेलाय?"

"एकदोनदा कोमट वाटली होती," सासूबाई म्हणाल्या. "पण ही काही बोलतच नाही हो. रडतसुद्धा नाही."

"आणि औषध रोज जातंय ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही. मी स्वतःच्या हाताने..."

सासूबाईंचा हात मनीच्या डोक्यावर होता. तो तिथेच थांबला. पिवळ्या क्लिपवर.

आणि तेव्हा, तेव्हा कुठे मी तो सकाळचा फोन ऐकला. रोज काय करते. एक जण धावत येते. आज नेमका चष्मा होता डोळ्यावर. सकाळी हेच शब्द माझ्या कानावर पडले होते. मी, जी रात्री उठून दोघींचा श्वास चालतोय का ते बघते, जी गाजराचा तुकडाही मोजून मापून कापते, तिने ते ऐकलं आणि त्यातून एक डिस्क दुरुस्त केली. 'तुम्ही ग्रेट आहात' म्हणून फोन ठेवला. 'आज दिलं' एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. काल कोणी घेतलं, परवा कोणी घेतलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सासूबाई ती क्लिप काढून पुन्हा लावत राहिल्या. त्यांना बोलायला लावणं मला बघवलं नसतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "औषध रोज दिलं जातंय. पण ते दोघींपैकी कोणाच्या पोटात जातंय, ते आम्हाला सांगता येणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. बाहेरून भोंग्याचा आवाज येतच होता. मनी पेनाच्या टोपणाकडे बघत होती.

"बाहेर आहे ती दुसरी का?"

"हो."

"हुबेहूब?"

"हुबेहूब."

त्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. लघवीची तपासणी लिहून दिली. भोंग्याला त्या औषधाने अपाय झाला नसावा, तरी तिलाही तपासलं. "तारीख आज धरत नाही," त्या म्हणाल्या. "आता पुढची सोनोग्राफी होईपर्यंत औषध हिच्याच पोटात गेलं पाहिजे. मग वाढतंय की थांबतंय ते खरं कळेल. आज आपल्याला काहीच कळलेलं नाहीये, हे लक्षात घ्या."

व्हरांड्यात सासूबाई रडायला लागल्या. "माझे डोळेच फुटले होते गं."

"तुमच्या डोळ्यावर चष्मा तरी नव्हता, आई. माझे कान उघडे होते."

नवऱ्याला काय झालं ते कळलं नव्हतं. तो म्हणाला, "ऑपरेशन नाही ना? मग रडताय काय दोघी?" आणि भोंग्याने त्याचा चष्मा ओढून जमिनीवर टाकला.

आता आमच्याकडे 'मनी, औषध!' अशी हाक मारत नाहीत. सासूबाई चष्मा लावतात, मनी जिथे असेल तिथे जातात, पलंगाखाली, दारामागे, पडद्यात, तिला उचलतात, कानामागचा तीळ बघतात आणि मगच बाटलीचं झाकण उघडतात. भोंगा मागे मागे तोंड उघडून फिरते, तिला साखरपाण्याचा चमचा मिळतो. पुढची सोनोग्राफी अजून व्हायची आहे. मी कामावरून रोज सकाळी फोन करते आणि "दिलं का" असं विचारत नाही. "कुठे सापडली" असं विचारते.

तुमच्या घरातही हाकेसरशी धावत येणारं कोणीतरी असेल. ते ठीक आहे, ते दिसतंच. पण जे आलं नाही, ज्याची तक्रार नाही, ज्याचा दिवा हिरवा आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, ते आत्ता कुठे बसलंय? हाक मारू नका. हे हातातलं बाजूला ठेवा, उठा आणि त्याच्यापाशी जाऊन बघून या.